अण्णांच्या पोटातला आवाज

परवाची गोष्ट. दुपारचे चार वाजत आलेले, आई आतल्या खोलीत जरा आडवी झालेली, पंखा फुल्लवर, आणि मी आणि अण्णा बाहेरच्या खोलीत, ते पेपर वाचत होते आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. तेवढ्यात लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला आणि घर एकदम इतकं चिडीचूप झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, आणि त्या शांततेत अण्णांच्या पोटात गुडगुडलं. चांगलं लांबलचक, वरून खाली काहीतरी घरंगळत गेल्यासारखं. अण्णांनी चटकन पेपर मांडीवर ओढून पोट झाकलं, उगाच खाकरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे आपलं... काही नाही." त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं, मग लाईट आली, पंखा फिरायला लागला, आणि विषय तिथंच संपला.

माझ्या मनातून मात्र तो काही केल्या जाईना.

कारण हाच आवाज ऐकायला मागच्या पावसाळ्यात आम्ही सगळे तीन दिवस कान लावून बसलो होतो. रात्री दीड वाजता आईचा फोन आला होता. एवढ्या रात्री स्क्रीनवर 'आई' दिसलं की उचलायच्या आधीच पोटात गोळा येतो, तसा आला. "अण्णांचं पोट टम्म फुगलंय, उलट्या थांबेनात, हिरव्या हिरव्या होतायत." मी पुण्याहून निघून पहाटे सांगलीला पोचले तोवर त्यांना ऑपरेशनला आत घेतलं होतं. दोनेक तासांनी सर्जन बाहेर आले, हातात स्टीलचा ट्रे, आणि ट्रेमध्ये आतड्याचा एक तुकडा. वीतभर असेल. दोन्ही टोकांना गुलाबी, ओलसर, चमकदार, आणि मधला सगळा भाग पिकून फुटायला आलेल्या जांभळासारखा काळानिळा. "हर्निया अडकला होता, आतडं त्यात पिळवटलं गेलं, रक्त पोचेना. एवढं काढावं लागलं, बाकीचं चांगलं आहे, टोकं जोडलीत," ते म्हणाले. लहान आतडं सहाएक मीटर असतं, वीतभर गेलं तर माणसाला काही कमी पडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी मान हलवत होते. डोळे मात्र त्या गुलाबी टोकावरून हलत नव्हते. अण्णांच्या आत इतकं कोवळं, लहान बाळाच्या ओठांसारखं काहीतरी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हर्निया सहा-सात वर्षांपासून होता. उजव्या जांघेत आधी सुपारीएवढी गाठ, मग लिंबाएवढी. उभं राहिलं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची, आणि ते ती हाताने दाबून आत ढकलायचे आणि कामाला लागायचे. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. लाजेपोटी. हा शब्द मी आयुष्यभर वापरत आले, त्यातलं पोट मला हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसल्यावर दिसलं. लाज काय, माया काय, भीती काय, सगळ्याला आपण 'पोटी' लावून मोकळे होतो, आणि अण्णांनी तर ती लाज खरोखरच पोटाशी बाळगली, इतकी की त्यातच आतडं अडकलं. मला राग आला होता. ते ऑपरेशन टेबलावर होते तरी राग आला होता, आणि त्या रागाची पुन्हा लाज वाटत होती.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, ३२ वर्षं. खाकी कडक इस्त्रीची, खिशाला पेन, काखेत तिकिटांची पत्र्याची पेटी. जेवण कधी बाराला, कधी तीनला, कुठल्यातरी स्टँडवर डबा उघडून दहा मिनिटांत, आणि बाकीचं सगळं गाडीच्या टायमाप्रमाणे. सुटायची वेळ झाली की सुटायची वेळ झाली, मग पोटात कळ येवो नाहीतर काही होवो, दाबून धरायचं. ते दाबून धरणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की रिटायर झाल्यावरही घरात पाहुणे असले की ते संडासला जायचे नाहीत. पोटातलं काही बाहेर दिसू नये, ऐकू येऊ नये, ही त्यांची इभ्रतीची कल्पना. आणि अशा माणसाला ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, आठ पेशंटांच्या वॉर्डात, सिस्टरने मोठ्यांदा विचारलं, "आजोबा, गॅस पास झाला का?"

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर तो प्रश्न थांबलाच नाही. राऊंडला आलेले डॉक्टर तेच विचारत होते, झाडायला आलेल्या मावशी तेच, फोनवर मामा तेच आणि आत्या तर सरळ "वारं सरलं का गं?" म्हणायची. मी उत्तर देताना आवाज खाली आणायचे, तरी अण्णा डोळे मिटून घ्यायचे. पलंगाला पाटी लावलेली, तोंडाने काही द्यायचं नाही. नाकातून पोटात रायल्स ट्यूब, तिचं दुसरं टोक पलंगाखाली टांगलेल्या पिशवीत, आणि त्या पिशवीत हिरवंगार, शेवाळलेल्या पाण्यासारखं काहीतरी साठत जायचं. सिस्टर दर काही तासांनी मोजून लिहायची, ४०० मिली, ६५० मिली. मला कळेना, माणसाने पाण्याचा थेंब घेतलेला नाही आणि हे एवढं येतंय कुठून.

वॉर्डात एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होत्या, डोळ्याखाली काळी वर्तुळं, केसांना पेनच अडकवलेलं. त्यांनी मला हे समजावलं, आणि तेव्हापासून मी पाण्याच्या ग्लासाकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघते. रोज लिटर-दीड लिटर लाळ, जठरातून दोनेक लिटर रस, लिव्हरकडून अर्धा ते एक लिटर पित्त, स्वादुपिंडाकडून दीड लिटर, वर आपण जे पितो ते आणि आतड्याचं स्वतःचं, असं सगळं मिळून आठ-नऊ लिटर द्रव रोज आतड्यात उतरतो. आणि त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत शोषून घेतं, बाहेर जातो तो १००-२०० मिली. म्हणजे दिवसाला दोन कळश्या पाणी आपण आतल्या आत ओततो आणि आतल्या आत भरून घेतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. अण्णांचं आतडं थांबलं होतं, शोषणं बंद, पुढे ढकलणं बंद, म्हणून ते सगळं मागे तुंबून नळीवाटे वर येत होतं. हिरवा रंग पित्ताचा. हे पित्त म्हणजे तुपकट भांड्याला साबण लावल्यावर तूप जसं सुटून बारीक बारीक थेंब होतात तसं काम करतं, खाल्लेलं तेलतूप फोडून देतं म्हणजे मग पुढचे रस त्याला पचवू शकतात. आपल्याकडे पित्त म्हटलं की छातीत जळजळ आणि आंबट करपट ढेकर आठवते, पण ती बहुतेकदा जठरातल्या ॲसिडची असते. खरं पित्त मी त्या पिशवीत पाहिलं.

"पण थांबलं का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोट उघडून आतड्याला हात लावला की ते असं गप्प होतंच, त्यात भूल, त्यात दुखणं कमी करायची औषधं, तीही त्याला मंदावतात. लहान आतडं काही तासांत भानावर येतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि सगळ्यात शेवटी मोठं आतडं, त्याला दोन-तीन दिवस. म्हणून गॅस पास झाला का हे विचारायचं. शेवटच्या स्टॉपवर गाडी पोचली म्हणजे रस्ता मोकळा आहे. हे त्यांचेच शब्द, त्यांना अण्णांची नोकरी माहीत नव्हती.

मग त्यांनी स्टेथोस्कोप अण्णांच्या पोटावर ठेवला आणि इतका वेळ ऐकत राहिल्या की शेजारच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा बोलायचे थांबले. शेवटी तो काढून त्यांनी माझ्या कानात घातला. "ऐका." मी ऐकलं. काही नव्हतं. खोल कुठेतरी रक्ताची धप धप, बाकी काही नाही, पावसाळ्यात पाणी न आलेल्या विहिरीत डोकावल्यासारखं. आपल्या पोटातून दिवसभर आवाज येत असतात, स्टेथोस्कोप लावला तर मिनिटाला कितीतरी ऐकू येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथं नसलेला आवाज ऐकताना माझा हात अण्णांच्या खांद्यावर गेला आणि ते डोळे न उघडता म्हणाले, "तू जा बाळ, चहा पिऊन ये."

ती रात्र मी वॉर्डाबाहेरच्या पायरीवर फोनवर वाचत काढली. झोप येत नव्हती, आणि जे थांबलंय ते मुळात चालतं कसं हे कळल्याशिवाय चैनही पडत नव्हतं. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन संशोधकांनी कुत्र्याच्या आतड्याकडे मेंदूकडून येणाऱ्या नसा तोडून पाहिलं, तरी आतड्याला आतून स्पर्श झाला की मागचा भाग आवळायचा, पुढचा सैल पडायचा, आणि आतलं पुढे सरकायचं. मेंदूला न विचारता. आतड्याच्या भिंतीत त्याच्या स्वतःच्याच कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं आहे, तेच हे सगळं चालवतं. मागून आवळ, पुढून मोकळं कर. मला गर्दीच्या गाडीतले अण्णा दिसले, मागच्या दारातून आत रेटत येणारे, "पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे पुढे." घास गिळला की आपलं काम संपतं. तिथून पुढे जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप थोडं थोडं सोडत राहते, सगळं एकदम नाही, आणि आतड्याच्या आत मखमलीसारखे उभे धागे असतात ते एकेक कण टिपून घेतात. त्या घड्या आणि धागे सगळं उलगडून पसरलं तर निम्म्या बॅडमिंटन कोर्टाएवढं भरतं. आणि ती मखमल दर चार-पाच दिवसांनी नवी होते. आपण एकाच नोकरीत ३२ वर्षं काढतो आणि आपल्या आतड्याचं अस्तर आठवडाभरही जुनं राहत नाही.

त्याच रात्री मी अलेक्सिस सेंट मार्टिनबद्दल वाचलं. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात बंदूक चुकून उडाली आणि या तरुण नावाड्याच्या बरगड्यांखाली भोक पडलं. तो जगला, पण भोक बुजलं नाही. ते सरळ जठरात उघडायचं. त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट, त्याने मग रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासाने ओढून पाहिले. अन्न नुसतं भरडलं जात नाही, जठरातला रस ते विरघळवतो हे असं जगाला दिसलं. सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडतं हेही बोमंटने लिहून ठेवलं. १८३३ मध्ये पुस्तक आलं, बोमंटचं नाव झालं. सेंट मार्टिन त्याच्याकडे घरगडी म्हणूनही राबायचा, लाकडं फोडायचा, आणि मग बोलावलं की शर्ट वर करून पडून राहायचा. मध्येच तो निघून जायचा, मग गरजेपोटी परत यायचा. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांना त्याचं जठर हवं होतं. घरच्यांनी मृतदेह भर उकाड्यात मुद्दाम काही दिवस ठेवला, कुणाच्या कामाचा उरू नये म्हणून, आणि मग आठ फूट खोल पुरला. हे वाचून मी फोन बंद केला. ज्ञानासाठी मी त्या माणसाची ऋणी आहे, आपण सगळेच आहोत, पण मला त्या क्षणी त्याच्या घरच्यांचंच पटलं. आत आठ पेशंटांच्या वॉर्डात माझा बाप भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

तिसऱ्या दिवशी पिशवीत कमी आलं. डॉक्टर मॅडमनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला, थोडं ऐकलं, आणि काही न बोलता माझ्या कानात दिला. आधी तीच धप धप. मग एकदम, टुबुक. पुन्हा शांत. मग लांबून आल्यासारखा, कळशी पाण्यात बुडवताना शेवटी तोंडाशी जो होतो तसा, गुळूक गुळूक गुळूक. मी तिथंच रडले. अण्णा घाबरले, "काय झालं, काय झालं?" आणि मला सांगताही येईना की काही झालं नाही अण्णा, तुमचं पोट बोलतंय.

नळी निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, च्युइंगम चघळा, गिळू नका. अण्णांचा विश्वास बसेना. आयुष्यभर सीटखाली चिकटवलेली च्युइंगमं खरवडून काढलेली, घरात आम्हाला कधी खाऊ दिलं नाही. पण त्याचं कारण आहे. तोंड हललं, चव आली की पोटाला वाटतं जेवण येतंय आणि ते तयारीला लागतं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव म्हटलं की आपल्याला घंटा ऐकून लाळ गाळणारं कुत्रं आठवतं, पण त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याने कुत्र्यांना असं खायला घातलं की गिळलेलं गळ्यातूनच बाहेर पडेल, पोटात काहीच जाणार नाही, तरी जठरात रस भरभरून सुटला. अण्णा उशीला टेकून, भिंतीकडे बघत, अगदी गंभीरपणे च्युइंगम चघळत होते. तो चेहरा मला ओळखीचा होता. मी लहान असताना ते रात्री उशिरा ड्युटीवरून आले की मी उठून त्यांच्या ताटाशी बसायचे, आणि ते मला नुसत्या भाताचा घास द्यायचे, ना वरण ना तूप. "चाव. अजून चाव. गिळू नको." आणि चावता चावता तो भात गोड व्हायचा. लाळेतला रस पिठूळ भाताची साखर करतो, हे मी नंतर शाळेत शिकले, पण ते मला आधी अण्णांनी चव देऊन शिकवलं होतं. दिवसा दहा मिनिटांत डबा संपवणारा माणूस रात्री माझ्यासाठी एक घास इतका वेळ चावायचा.

चौथ्या दिवशी पहाटे मी पलंगाशेजारी खाली चटईवर झोपले होते. बाहेर पाऊस लागलेला. वॉर्डातला निळा दिवा चालू, सगळे गाढ झोपलेले. टक टक. पलंगाच्या लोखंडी दांडीवर कुणीतरी बोटाने वाजवलं. मी उठून बसले. अण्णा माझ्याकडे बघत होते, डोळे ओलसर, चेहरा इतका मोकळा की मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पाणी हवंय का, दुखतंय का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोनदा वाजवलं. टक टक. आणि मग मला कळलं. एक बेल म्हणजे थांबवा. डबल बेल म्हणजे जाऊ द्या.

मी धावत जाऊन सिस्टरला सांगितलं.

दुपारी आईने डब्यातून आणलेली भाताची पेज त्यांनी मिठाच्या कणीसकट चमच्या-चमच्याने घेतली, आणि दोन दिवसांनी मऊ भात. किती वेळ चावत होते. गोड लागतोय का, मी विचारलं नाही, त्यांच्याकडे बघून कळत होतं.

आणि तेच अण्णा परवा त्या आवाजासाठी कान लाल करून पेपर ओढत होते. मला तेव्हाच त्यांना सांगायचं होतं की हा आवाज अपचनाचा नाही की कसला दोष नाही. जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी वरून एक लाट निघते आणि शेवटपर्यंत झाडत जाते, राहिलेसाहिलेले कण, जंतू, सगळं पुढे लोटत. आपण म्हणतो पोटात कावळे ओरडतायत, पण खरं तर आत झाडलोट चाललेली असते, आणि खायला घेतलं की ती थांबते. एवढं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण पोटाकडून मेंदूकडे जितका निरोप जातो त्याच्या कितीतरी कमी मेंदूकडून खाली येतो, मोठ्या नसेतले बहुतेक धागे खालून वरच जातात, हेही मी त्याच रात्री वाचलं होतं, आणि सहा-सात वर्षं अण्णांच्या पोटाने वर काय काय कळवलं असेल आणि अण्णांनी ते कसं कसं दाबलं असेल हा विचार आला की माझं बोलणंच आटतं. त्यांच्या लाजेवर मी आता रागवत नाही. तिला हात कसा लावायचा ते मात्र मला अजून जमलेलं नाही.

काल पुन्हा तीच वेळ, तोच पंखा, पण मीच उठून बटण बंद केलं, म्हटलं जरा गार वाटतंय. अण्णा पेपरच्या मागे. थोड्या वेळाने गुडगुडलं. पेपर थोडा खाली सरकला आणि तसाच थांबला. मी हातातला फोन खाली ठेवला आणि सेंटर टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं. टक टक. त्यांनी पेपरच्या वरून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. आतून आईचा आवाज आला, "अहो, पोहे टाकू का थोडे?"

"टाक," अण्णा म्हणाले.

कढई गॅसवर गेली. मोहरी तडतडली, मग हिंग, मग कढीपत्ता आणि मिरचीचा तो ठसका बाहेरच्या खोलीपर्यंत आला. अण्णांनी पेपरची घडी घातली, बाजूला ठेवली, आणि आवंढा गिळला.